जुना फ्लॅट घेण्याआधी दुरुस्तीचा खर्च कसा काढायचा

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, बिबवेवाडी भागात, ठाण्या-डोंबिवलीत किंवा नाशिकला १९८५ ते १९९५ दरम्यान बांधलेल्या सोसायट्यांमध्ये आजही बरे फ्लॅट विकायला निघतात. जागा मोक्याची, खोल्या ऐसपैस, भाव नव्या इमारतीपेक्षा कमी. आत शिरलं की मोझॅकची फरशी, कडाप्प्याचा ओटा, लोखंडी अँगलच्या खिडक्या, वेगळा संडास आणि वेगळी मोरी. दुरुस्त करून भाड्याने द्यायचा किंवा विकायचा, असा विचार करून पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

अंदाज काढायची वेळ कोणती, हे आधी ठरवा. बहुतेक लोक चावी हातात आल्यावर कंत्राटदाराला बोलावतात. तोवर घराची किंमत ठरून गेलेली असते आणि दुरुस्तीचा आकडा फक्त ऐकून घ्यावा लागतो. अंदाज बयाणा देण्याआधी हवा. विकणाऱ्याशी बोलताना तुमच्या हातात एवढा एकच कागद असतो.

पायरी १ : गणित उलट्या बाजूने मांडा

दुरुस्तीला किती खर्च येईल, याआधी प्रश्न असा विचारा की दुरुस्तीला किती खर्च परवडेल. त्याच सोसायटीत किंवा शेजारच्या, त्याच वयाच्या इमारतीत नीट केलेला तेवढाच फ्लॅट अलीकडे कितीला विकला गेला? एजंट सांगतो तो भाव वेगळा आणि नोंदणी झालेला भाव वेगळा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जुने दस्त बघता येतात, तिथून आकडा काढा.

समजा असा फ्लॅट ७५ लाखांना जातो आणि तुम्हाला जुना ६० लाखांना मिळतोय. वरवर १५ लाखांची फट दिसते. आता लिहा : मुद्रांक शुल्क ७ टक्के धरलं तर ४,२०,०००, नोंदणी फी ३०,००० (किमतीच्या १ टक्का, पण कमाल एवढीच), खरेदीची दलाली १ टक्का म्हणजे ६०,०००, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५,०००. हे झाले ६५,३५,०००. विकताना पुन्हा दलाली ७५,०००. ४५ लाख कर्ज ८.५ टक्क्यांनी असेल आणि घेणं, दुरुस्ती, विक्री मिळून आठ महिने गेले, तर व्याज २,५५,०००. देखभाल महिना ३,००० प्रमाणे २४,०००. बेरीज ६८,८९,०००. म्हणजे १५ लाखांतले उरले ६,११,०००. दुरुस्ती आणि नफा, दोन्ही त्यातच बसवायचे. दोन वर्षांच्या आत विकलं तर त्या नफ्यावर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो, तोही त्यातूनच जाणार. महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वरच्या उदाहरणात ते ६०,००० रुपये होतात, म्हणून सवलतीच्या अटी बघूनच नाव ठरवा.

भाड्याने द्यायचं असेल तर हिशोब निराळा. नीट केल्यामुळे भाडं महिना ५,००० ने वाढणार असेल आणि वर्षातले अकरा महिने घर भरलेलं राहील असं धरलं, तर वर्षाला ५५,००० जास्त. यासाठी ६ लाख खर्च केले तर ते वसूल व्हायला जवळजवळ अकरा वर्षं लागतात. माझं ठाम मत आहे की भाड्याच्या घरात पैसा पाणी, वीज, ओल आणि स्वच्छ संडास-बाथरूम यांवर घालावा. भाडेकरू त्यासाठी टिकतो. फॉल्स सीलिंग आणि महागड्या लॅमिनेटच्या कपाटांसाठी तो फारसं जास्त देत नाही.

पायरी २ : फ्लॅटआधी इमारत

सोसायटीच्या कार्यालयात दोन कागद मागा. एक, स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. अहवालात मोठी दुरुस्ती सुचवलेली असेल तर प्रत्येक सदनिकाधारकाकडून वर्गणी निघणार, आणि ती तुमच्या अंदाजात आलीच पाहिजे.

दुसरा कागद म्हणजे गेल्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं. पुनर्विकासाचा विषय कुठवर आलाय ते त्यात कळतं. नुसती चर्चा असेल तर ती वर्षानुवर्षं चालते. पण सल्लागार नेमला असेल, विकासकांकडून निविदा मागवल्या असतील, तर नव्या फरश्या आणि नवं स्वयंपाकघर पाडायलाच घातल्यासारखे आहेत. अशा घरात फक्त रंग, गळते नळ आणि सुरक्षित वायरिंग एवढंच करा.

हस्तांतरण शुल्काबद्दल स्पष्ट राहा : महापालिका हद्दीत २५,००० रुपये ही कमाल मर्यादा राज्य शासनाने २००१ मध्ये ठरवून दिली आहे. भाड्याने दिल्यावर सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. पुण्यात स्वतः राहत्या घराला मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याने दिल्यावर जाते, तो फरकही वार्षिक हिशोबात घाला.

पायरी ३ : घर बघायला जाताना

जमलं तर जुलै-ऑगस्टमध्ये जा. पावसाळ्यात भिंत खोटं बोलत नाही. टेप, टॉर्च, वही आणि एक जुना स्क्रू-ड्रायव्हर बरोबर ठेवा. लेझर मोजणी यंत्र मिळालं तर काम लवकर होतं.

नुकताच रंग दिलेलं घर जास्त बारकाईने बघा, विशेषतः एकाच भिंतीला दिलेला ताजा रंग. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचा मागचा भाग तपासा. पोपडे, पांढरे क्षार, बुरशीचा वास तिथे आधी येतो. दाराच्या लाकडी चौकटींच्या पायथ्याशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. तो सहज आत गेला तर वाळवी किंवा कुज आहे. नाण्याने फरशीवर टकटक करत चाला, पोकळ आवाज येतो तिथे खालचा माल सुटलेला असतो. सगळे नळ एकदम सोडा आणि धार बघा. त्या काळातल्या इमारतींत भिंतीत गाडलेले पाइप गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचे असतात, आतून गंजून त्यांची वाट पेन्सिलएवढी उरते. धार बारीक असेल तर नळ बदलून उपयोग नाही, पूर्ण लाइन बदलावी लागणार.

मग खालच्या मजल्यावर जा आणि शेजाऱ्यांना सरळ विचारा, "काका, वरून कधी गळतं का हो?" या एका प्रश्नाचं उत्तर तासभराच्या पाहणीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. उपविधींनुसार तुमच्या बाथरूमच्या, सिंकच्या गळतीची दुरुस्ती तुमच्या खर्चाने होते, आणि गच्चीतून पाऊस झिरपल्यामुळे वरच्या मजल्याच्या छताचं नुकसान झालं तर तो खर्च सोसायटीचा असतो. कुठली ओल कोणाच्या खात्यावर, हे बयाण्याआधीच कळायला हवं.

छत, तुळया आणि खांब यांवर सळईच्या रेषेत सरळ जाणारी भेग दिसली, सिमेंटचं कवच सुटून गंजकी सळई उघडी पडली असेल, तर अंदाज थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. त्यावर पुट्टी ओढून काम होत नाही. भिंत पाडून हॉल मोठा करायचा विचार असेल तरी तेच. जुन्या भारवाही बांधकामात विटांची भिंतच वरचं वजन पेलत असते. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. खांब-तुळईला छिन्नी लावायला कंत्राटदार तयार असला, तरी तुम्ही तयार होऊ नका.

पायरी ४ : चौरस फुटाचा दर विसरा, माप घ्या

"चौरस फुटाला इतके हजार" असा दर कोणी सांगितला की दोन प्रश्न विचारा : कुठला चौरस फूट, आणि त्यात काय काय? जुन्या करारात बांधीव क्षेत्र (भिंतींसकट) लिहिलेलं असतं, एजंट विक्रीयोग्य क्षेत्र (जिना-पॅसेजचा वाटाही मिळवून) सांगतो आणि काम मात्र चटईक्षेत्रावर (भिंतींच्या आतली जमीन) होतं. शिवाय रंग, टाइल आणि गिलावा यांचं बिल भिंतींवर येतं, जमिनीवर नाही.

एक उदाहरण : ४ बाय ७ फुटांची मोरी. जमीन फक्त २८ चौरस फूट. पण सात फूट उंचीपर्यंत टाइल लावायची तर चारही भिंतींचा घेर २२ फूट गुणिले ७, म्हणजे १५४. त्यातून अडीच फुटी दाराचे साडेसतरा वजा करा, जमीन मिळवा, १६४.५ होतात. तुटफुटीचे १० टक्के धरले की १८१ चौरस फूट टाइल लागते. जमिनीच्या साडेसहापट.

रंगाचंही तसंच. १० बाय १२ ची खोली, उंची साडेनऊ फूट. भिंती ४१८, छत १२०, एकूण ५३८ चौरस फूट, म्हणजे जमिनीच्या साडेचार पट. १२ बाय १५ च्या खोलीत हेच प्रमाण चारपटीच्या आत येतं. लहान खोल्यांचं घर रंगवायला तुलनेने महाग पडतं ते यामुळे. रंगारी दार-खिडकी वजा करतात की नाही, हे आधीच ठरवून घ्या.

वहीत प्रत्येक खोलीला एक पान द्या. प्रत्येक कामापुढे माप, एकक, मालाचा दर आणि मजुरीचा दर असे चार रकाने करा. माल आणि मजुरी कधीही एकत्र लिहू नका, नाहीतर दोन कंत्राटदारांची तुलना करता येत नाही. विजेचं काम पॉइंटवर मोजतात, म्हणून खोलीगणिक दिवे, पंखे, लहान प्लग, मोठे प्लग मोजून लिहा. ओटा रनिंग फुटावर (फक्त लांबीवर), खिडकी चौरस फुटावर, ग्रिल बहुतेक ठिकाणी किलोवर.

दर कुठून आणायचे? सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची संकेतस्थळावर मिळते. ती सरकारी कामांसाठी असते, त्यामुळे छोट्या फ्लॅटच्या कामाला तोच दर मिळेल असं नाही, पण कुठलं काम कोणत्या एककात मोजतात आणि त्यात काय काय धरतात हे तिच्यातून उत्तम कळतं. प्रत्यक्ष दर त्याच भागातल्या दोन हार्डवेअर दुकानांतून आणि निदान तीन कारागिरांकडून घ्या.

पायरी ५ : एका कामाचा पूर्ण हिशोब

फरशी बदलणं घेऊ. ५०० चौरस फूट जमीन, जुनी मोझॅक काढून व्हिट्रिफाइड टाइल. खालची मापं खरी आहेत. दर मात्र गणित दाखवण्यापुरते धरलेले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.

टाइल तुटफुटीसह ५५० चौरस फूट, ६० रुपयांनी ३३,०००. बसवण्याची मजुरी ४० रुपयांनी २०,०००. खाली दोन इंची माल, सिमेंट-वाळूचं १:६ प्रमाण : ओला माल ८३ घनफूट, म्हणजे कोरडा सुमारे १११ (कालवल्यावर माल आक्रसतो). त्याला सिमेंट १३ गोण्या आणि वाळू एक ब्रासला (१०० घनफूट) जरा कमी. वरच्या घोळासाठी तीन गोण्या जास्त धरून १६ गोण्या, ३८० ने ६,०८०. क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) एक ब्रास ६,०००. जुनी फरशी फोडणं १५ रुपयांनी ७,५००.

आता सगळे विसरतात तो राडारोडा. फरशी आणि खालचा माल मिळून तीन इंच धरले तर १२५ घनफूट, वजन साधारण सात टन. २५ किलोच्या २८० गोण्या होतात, आणि छोट्या हत्तीच्या (लहान टेम्पोच्या) नऊ-दहा खेपा. नऊ खेपा १,५०० ने १३,५००. लिफ्ट वापरायची परवानगी सोसायटीने दिली नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर असेल तर हमाली वेगळी, आणि ती थोडीथोडकी नसते. ओढ्यात किंवा रिकाम्या प्लॉटवर राडारोडा टाकणारा स्वस्त टेम्पोवाला घेऊ नका. महापालिका दंड करते, आणि पावसाळ्यात तोच ओढा कुणाच्या तरी घरात शिरतो.

बेरीज ८६,०८०. चौरस फुटाला १७२ रुपये. यात टाइलचे पैसे ३८ टक्के आहेत. दुकानात टाइलच्या भावावर घासाघीस करणारा माणूस उरलेल्या ६२ टक्क्यांकडे बघतच नाही. जुनी फरशी घट्ट बसलेली असेल, कुठेही पोकळ वाजत नसेल आणि दारांखाली जागा असेल, तर तिच्यावरच अॅडेसिव्हने नवी टाइल लावता येते. फोडणं, राडारोडा आणि माल, तिन्ही वाचतात. मोरी-संडासात मात्र हा मार्ग घेऊ नका, कारण तिथे खालचं वॉटरप्रूफिंगच बदलायचं असतं.

पायरी ६ : झाकलेली कामं

मोरी-संडास. जुन्या इमारतीत स्लॅब तिथे खाली दाबलेला असतो आणि त्या खळग्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. गळती असेल तर सगळा भराव काढून, नहाणी ट्रॅप (जाळीखालचं निचऱ्याचं भांडं) आणि पाइप बदलून, वॉटरप्रूफिंग करून पुन्हा भरावं लागतं. अंदाजात हा खर्च पूर्ण धरा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर खळग्यात निदान ४८ तास पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्या घराचं छत बघायचं, हे कंत्राटात लिहून घ्या. चाचणीआधी टाइल लावू देऊ नका. वेगळा संडास आणि मोरी एकत्र करायची असेल तर मधली भिंत आणि निचऱ्याची लाइन, दोन्हींचा विचार लागतो. उभी लाइन सोसायटीची असते, तिला परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

वीज. जुन्या वायरी बऱ्याचदा अॅल्युमिनियमच्या आणि भार दिवे-पंख्यांपुरताच. आज गिझर, एसी, इंडक्शन, वॉशिंग मशीन सगळं येणार. दिव्यांना १.५, प्लगला २.५ आणि गिझर-एसीला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर धरा, नवीन एमसीबीचा (जास्त भार आला की वीज तोडणारी बटणं) डबा आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक लागला की वीज तोडणारं बटण) धरा. मंजूर भार वाढवायचा असेल तर महावितरणकडचा अर्ज आणि शुल्कही लिहा. भाडेकरूच्या घरी लहान मूल असेल, ओल्या हाताने ते गिझरचं बटण दाबेल. इथे पैसे वाचवू नयेत.

पाणी. गरम पाण्याला सीपीव्हीसी, थंडाला यूपीव्हीसी, हे दोन्ही प्लास्टिकचे पाइप. पाइप स्वस्त असतात, महाग पडतं ते भिंतीत खाचा मारणं, त्या बुजवणं आणि वरचा गिलावा. म्हणून नळकाम आणि वायरिंग अर्धं बदलून अर्धं ठेवू नका. गिलाव्यासाठी हिशोब सोपा आहे : १०० चौरस फूट, १२ मिलिमीटर जाडी, १:४ प्रमाण, साधारण एक गोणी सिमेंट.

खिडक्या, दारं, ओटा, रंग ही कामं डोळ्यांना दिसतात आणि मोजता येतात, त्यांत फसगत कमी. लोखंडी खिडक्या गंजल्या नसतील तर घासून रंगवा. जाळीची तीन ट्रॅकची अॅल्युमिनियम खिडकी चांगलीच, पण सगळ्या घराला ती घातली की आकडा झटकन वाढतो.

पायरी ७ : राखीव रक्कम

सरसकट १० टक्के धरायची पद्धत मला पटत नाही. दिसणाऱ्या कामांवर १० टक्के पुरतात. मोरी, नळकाम आणि वायरिंग यांवर २५ ते ३० टक्के धरा, कारण फोडल्याशिवाय खरं रूप कळत नाही. कंत्राटदाराचा दर जीएसटीसह आहे का, हे लेखी घ्या. रंग आणि टाइलवर १८ टक्के जीएसटी आहे. सिमेंटवरचा सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ वर आला, म्हणून त्याआधीचे जुने दरपत्रक कोणी पुढे केलं तर नवं मागा. सोसायटीची अनामत, कामाच्या ठरलेल्या वेळा, दुपारची बंदी यामुळे काम लांबतं. ४० लाखांच्या कर्जावर २० वर्षांसाठी ८.५ टक्क्यांनी हप्ता सुमारे ३४,७०० येतो, तेव्हा प्रत्येक वाढलेला महिना खर्चाच्या यादीतच लिहा.

बिलं पक्की घ्या आणि जपून ठेवा. भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्ती वेगळी वजा होत नाही, त्यासाठी कायद्याने सरसकट ३० टक्के वजावट दिलेली आहे. पण घर विकताना भांडवली स्वरूपाच्या सुधारणांचा खर्च नफ्यातून वजा करता येतो, आणि तिथे कच्च्या चिठ्ठ्या चालत नाहीत.

पायरी ८ : दरपत्रकं आणि बोलणी

तुमचीच मापांची यादी तीन कंत्राटदारांना द्या, त्यांना आपापली यादी करू देऊ नका. सगळ्यात कमी दर आला तर काय वगळलंय ते शोधा, बहुतेकदा राडारोडा, वॉटरप्रूफिंगची चाचणी किंवा खाचा बुजवणं वगळलेलं असतं. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या आणि मोरीच्या कामाचे १० टक्के पहिला पावसाळा निघेपर्यंत राखून ठेवायचं आधीच बोलून घ्या. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

मग ती वही घेऊन विकणाऱ्याकडे जा. "घर जुनं आहे, पाच लाख कमी करा" असं म्हटलं की समोरचा दुखावतो, त्या घरात त्याची पोरं वाढलेली असतात. त्याऐवजी मोरीचं पान उघडा, खालच्या काकांनी दाखवलेल्या डागाचा फोटो आणि कारागिराचा दर दाखवा, गंजलेल्या पाइपाबद्दल सांगा. फरशीचा रंग किंवा ओट्याची आवड बोलण्यात आणू नका, ती तुमची हौस आहे. गळती, वायरिंग, वाळवी आणि सोसायटीची येणारी वर्गणी एवढ्या चारच गोष्टींवर भाव मागा. पायरी १ मधल्या उलट्या गणितात खर्च बसला नाही, तर बयाणा न देता दुसरं घर बघायला निघा.